कोनाड्यातून आलेला हात

माझ्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी सगळ्यात जास्त कोण ओरडलं, असं केनवडला कुणाला विचारलं तर लोक माझं नाव घेत नाहीत, माझ्या वडिलांचं घेतात. पोट माझं, कळा माझ्या, बाळ माझं. पण मोहल्ल्यात गाजला तो बाबांचा आवाज. हा माझ्यावर अन्याय आहे असं मला आजही वाटतं, म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगून टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. माझं सासर मेडशीचं आणि माहेर केनवडचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज सगळ्यांकडेच होता, तसा आमच्याकडेही होता. सातवा लागल्यावर बाबा येऊन मला घेऊन गेले. आमचे हे एस.टी.त कंडक्टर. सुटीच्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन केनवडला यायचे, ओसरीत बसायचे, चहा प्यायचे आणि माझ्याकडे चोरून बघत परत जायचे. सासऱ्याच्या घरी जावयाने बायकोशी याहून जास्त बोलणं तेव्हा बरं दिसत नसे.

मी मात्र भयंकर घाबरले होते. शेजारची एक बाई रोज दुपारी निवडायला तूर घेऊन यायची आणि तुरीबरोबर आपलं बाळंतपण निवडत बसायची. तिच्या सांगण्यात दर वेळी कळा वाढत जायच्या. पुढे पुढे तर तिला ऐकू येणं बंद झालं होतं, डोळ्यांना दिसणं बंद झालं होतं, आणि तिने पलंगाचा खूर उपटला होता. पलंग मी पाहिला होता. खूर जागेवर होते. तरी मी रोज तिच्यासमोर बसून ऐकायचेच.

एकदा विहिरीकडे जाताना मी ह्यांना गाठलं आणि रडत म्हटलं, "मले एकटीले नाही होत. तुमी जवळ राह्यजा."

"राहीन," हे म्हणाले. "शब्द देतो."

शब्द देणं सोपं होतं. बाळंतिणीच्या खोलीत नवरा जातो, असं आमच्या गावात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याने त्या दिवशी गावातच नसावं, मागाहून निरोप मिळाल्यावर बर्फी घेऊन यावं, हे रीतीला धरून. पण ह्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं. ते म्हणजे दाबणं.

झालं असं होतं की, दिवसभर गाडीत उभं राहून ह्यांची कंबर धरायची. अकोल्याहून वाशीमला जाणारे एक म्हातारे गृहस्थ नेहमीचे प्रवासी होते. ह्यांचं तोंड वाकडं झालेलं पाहून त्यांनी एकदा तिकीट घेता घेता ह्यांचा हातच पकडला आणि अंगठा व पहिलं बोट यांच्या मधल्या मांसल जागेवर असा अंगठा रोवला की ह्यांनी गाडी थांबवायची घंटा दिली. ही चिनी लोकांची विद्या, म्हणे. याला अॅक्युप्रेशर म्हणतात, म्हणे. अंगात ठिकठिकाणी जागा असतात, त्या दाबल्या की भलतीकडचं दुखणं उतरतं. ह्यांची कंबर उतरली की नाही देव जाणे, पण हे त्या म्हाताऱ्याचे चेलेच झाले. गाडीत गर्दी नसली की शेजारी बसून शिकायचे. माझी काळजी सांगितल्यावर त्यांनी बाळंतपणाच्या कळांच्या जागाही दाखवल्या: हाताची ती, कमरेखालच्या, आणि पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. एक ताकीद मात्र दिली. कळा सुरू व्हायच्या आधी गरोदर बाईच्या या जागांना बोट लावायचं नाही. म्हणजे हात बसवायचा तर दुसऱ्या कुणावर.

दुसरं कुणी म्हणजे बाबा.

बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि आल्याबरोबर घरातले देव, गंडे, दोरे, भगताने दिलेलं नारळ, सगळं एका टोपल्यात भरून त्यांनी नदीला नेऊन सोडलं. तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पुरावा काय?" बाहेर आभाळ भरून आलंय म्हटलं तरी ते अंगणात येऊन वर बघितल्याशिवाय मानायचे नाहीत. ह्यांनी ओसरीत बसून चिनी विद्येचा विषय काढला तेव्हा बाबांच्या भुवया वर गेल्या.

"हे मंतर-तंतर तं नाही न?"

"नाही मामाजी. नुसतं दाबाचं हाय."

"पुरावा?"

"पाय द्या."

इथे जरा घोळ झाला. जावयाचे पाय सासऱ्याने धुवायचे, ही आमच्याकडची रीत. जावयाने सासऱ्याचा पाय धरायचा म्हणजे उलटी गंगा. बाबा बराच वेळ पाय पुढे-मागे करत राहिले. पण पुराव्यापुढे त्यांना काहीच मोठं नव्हतं. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवून पाय पुढे केला. ह्यांनी घोट्यावर चार बोटं मोजली आणि अंगठा दाबला.

"मेलो वं माय!"

खुंट्याची शेळी दावं तोडून पळाली. आत आईच्या हातून पातेलं पडलं. बाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पाय पोटाशी घेतला, थोडा दम घेतला आणि म्हणाले, "पुरावा भेटला."

त्यानंतर त्यांना त्याची चटकच लागली. त्यांचा गुडघा जुना दुखरा होता, तो हलका झाला असं ते म्हणायचे. ह्यांच्या सुटीचा दिवस आला की सकाळपासून पाय धुऊन ओसरीत तयार. ओरडायचे मात्र दर वेळी तेवढंच.

दोन बायकांना हे पसंत नव्हतं. एक माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. ती समोरच राहायची आणि अर्धा मोहल्ला तिच्याच हातावर जन्मला होता. "लेकरू पोटातून येते का तंगडीतून?" असं ती मोठ्याने विचारायची, म्हणजे ह्यांना ऐकू जाईल. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई मला तपासून, सगळं ठीक आहे म्हणून गेली होती आणि आत्याला उकळत्या पाण्याचं आणि नव्या ब्लेडचं बजावून गेली होती. ते आत्याने ऐकलं. पण माझ्या उशाखाली ती विळा ठेवायचीच. बाबा तो काढून वळचणीला खोचायचे, आत्या परत आणून ठेवायची. माझं डोकं कुठल्या बाजूला आहे याचा दोघं विचार करायचे नाहीत.

दुसरी माझी आई. ती काही म्हणायची नाही, कारण ती जावयाशी बोलतच नसे. पदर नाकापर्यंत. ह्यांनी तिची हनुवटी तेवढी पाहिली होती. काही सांगायचं झालं तर ती तिसऱ्या माणसाला सांगायची, आणि तिसरं माणूस नसलं तर शेळीला. "म्हना त्याईले, पानी तापलं," असं ती ओसरीच्या दारातून शेळीला सांगायची आणि हे उठून आंघोळीला जायचे. "म्हना, पोळी घ्या आनखी." शेळी कधी काही म्हणाली नाही, पण निरोप कधी चुकला नाही.

जावई खोलीत जाणार नाही हे आत्याने ठणकावून सांगितल्यावर ह्यांनी मधला मार्ग काढला. कळ आली की हे ओसरीत बाबांवर जागा दाखवतील, आई दाराच्या फटीतून बघेल आणि आत येऊन माझ्यावर तीच जागा दाबेल. बाबा याला लगेच तयार झाले. आई काय म्हणते हे शेळीला विचारायला हवं होतं, ते कुणी विचारलं नाही.

नेमकं ह्यांच्या सुटीच्याच दिवशी सकाळी, उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलताना मला पहिली कळ आली. आत्याने मला आत नेलं. ह्यांनी बाह्या वर केल्या. बाबांनी पाय धुतले.

ठरल्याप्रमाणे सगळं सुरू झालं. आत्या आतून ओरडायची, "आली!" हे बाबांचा पाय दाबायचे. बाबा गर्जना करायचे. आई फटीतून बघायची आणि धावत आत यायची. पण तोवर कळ ओसरलेली असायची. मग ती माझा घोटा धरून पुढच्या कळेची वाट बघत बसायची, आणि पुढची कळ यायच्या आत कोणता पाय, कुठे, किती वर, हे विसरायची. "थांब वं, पाहून येतो," म्हणून परत दाराशी. तिला नीट दिसावं म्हणून बाबांना पुन्हा एकदा ओरडायला लागायचं. एकदा तर तिने घोटा सोडून तळवाच दाबला. मला तळव्याला गुदगुल्या होतात. मी कळेच्या मध्यावर खदखदा हसले. आत्याने कपाळावर हात मारला.

बाहेर लोक जमले होते. माझा आवाज अजून कुणाच्या कानावर गेला नव्हता, बाबांचा वेशीपर्यंत गेला होता.

"मामाले काय झालं वं?"

"झटका आला वाटते. कांदा हुंगवा."

"अरे, पोरीले दुखून राह्यलं!" बाबा ओरडले.

"मंग तुमी काहून बोंबलून राह्यले?"

"हे शास्त्र हाय!" बाबा म्हणाले, आणि पुढची आली म्हणून पाय पुढे केला.

हसणं तेवढंच. दुपार कलली आणि कळा अशा जोरात यायला लागल्या की मला शेजारणीचा पलंग खरा वाटायला लागला. बाबांचं ओरडणं, आईचं धावणं, काही कळेना. मला एवढंच कळत होतं की ह्यांनी शब्द दिला होता आणि भिंतीपलीकडे बसून हे माझ्या बापाचा पाय धरून होते.

"त्याईले बोलवा!" मी किंचाळले. "आत्ता बोलवा!"

हे धावत दाराशी आले. उंबरठ्याला पायाची बोटं चिकटवून उभे राहिले. आत्या आडवी आली.

"जवाई उंबऱ्याच्या आत? मी जित्ती हाय तोवर नाही."

"आत्या, एक डाव—"

"नाही म्हनजे नाही."

बाबा पुरावे मागणारे, पण बहिणीपुढे त्यांचीही जीभ उचलेना. मी रडत होते, हे दारात रडकुंडीला आले होते. आई चुलीवरचं गरम पाणी घेऊन मध्ये उभी होती. तिने पदर आणखी खाली ओढला, दारातून शेळीकडे बघितलं आणि शेळीला म्हणाली, "उंबरठा पायाले असते वं. हाताले कोनी सांगतला?"

मग आईने खोलीच्या भिंतीकडे बोट केलं.

खोली आणि ओसरी यांच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा होता. आरपार. त्यात कंदील ठेवला की दोन्हीकडे उजेड पडायचा आणि एका कंदिलात भागायचं. आईने कंदील काढला, आत्याच्या नाकावर टिच्चून माझी बाज त्या भिंतीला लावली, आणि पलीकडून कोनाड्यात एक हात आला. कोपरापर्यंत. त्याच्या अंगठ्यावर तिकिटांच्या शाईचा डाग होता.

आत्याने हात बघितला, उंबरठा बघितला, रीत सगळी मनात तपासून पाहिली. तिला काही सापडेना. "फक्त हात," ती म्हणाली. "कोपराच्या पुढं आला तं विळा हाय माह्यापाशी."

मी माझा हात त्यांच्या हातात दिला. ह्यांनी ती जागा शोधली आणि दाबली. आई गं! पोटातली कळ काही कमी झाली नाही, खोटं कशाला बोलू. पण पोटातल्या कळेला शिव्या देता येत नाहीत, आणि हात दाबणाऱ्या नवऱ्याला देता येतात. कळ आली की मी भिंतीला तोंड लावून ह्यांना वाट्टेल ते बोलायचे आणि कळ सरायची. पलीकडून हे म्हणायचे, "हाव. हाव. बोल." लग्नानंतर पहिल्यांदाच माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकत होतं. माझी भीती कधी गेली ते मला कळलंही नाही.

मग आत्या म्हणाली, "बस झालं. आता ऊठ." आढ्याला बांधलेली दोरी खोलीच्या मध्यावर लोंबत होती. तिला धरून मला उकिडवं बसायचं होतं. माझा हात सुटला.

बाहेर एकदम गडबड उडाली. "हात कुठं गेला? अवं, हात कुठं गेला?" कोनाड्यात ह्यांचा पंजा उघडमीट करत हवा चाचपडत होता. आत्या कामात, मी दोरीला लटकलेली, उत्तर कोण देणार! "काय झालं? बोला नं कोनी!" हे ओरडले.

"जवाईबापू, घाबरू नोका," बाहेरून बाबांचा आवाज आला. "माहा पाय घ्या."

मला त्यानंतरचं अर्धवटच आठवतं. आई भिंतीला खांदा लावून उभी होती. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, माझ्यासाठी रडते आहे. भिंतीपलीकडे हे सारखे काहीतरी बोलत होते, हळू, घाईघाईने. मला त्यातला शब्दही लागत नव्हता. मग सवयीने त्यांचा आवाज एकदम चढला आणि सगळ्या मोहल्ल्याने ऐकला, "पुढं सरका! चला, पुढं सरका!"

"कोनाले सांगून राह्यला हा?" आत्या म्हणाली. "लेकराले?"

आणि लेकरू सरकलं.

आत्याने त्याला उलटं धरून थोपटलं, ते रडलं, आणि ती दाराकडे तोंड करून ओरडली, "पोरगं झालं!" बाहेर ह्यांनी दुसऱ्या हाताने पितळी तांब्यावर दोन टोले दिले, टिंग टिंग, गाडी सोडताना देतात तसे. मग आनंदाने म्हणाले, "पाह्य! मी म्हनलं नव्हतं?" आणि माझं तोंड बघायला कोनाड्यात डोकं घातलं.

आत आई होती. दातातला पदर सुटला होता आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतचा तिचा सगळा चेहरा ह्यांच्या नाकासमोर होता. तिचा हिरव्या गोंदणाचा, भाकरीचे चटके खाल्लेला हात ह्यांच्या मुठीत होता.

"मामी!"

चटका बसावा तसा ह्यांनी हात सोडला. नंतर बाबांनी सांगितलं, जावई जो पळाला तो शेळीमागे जाऊन बसला आणि दिवेलागणीपर्यंत तिथून हलला नाही. आत्याने सगळं बघितलं होतं. सासूने जावयाचा हात धरायचा नाही हे खरं, पण हात फक्त कोपरापर्यंतच आला होता आणि कबूल तिनेच केलं होतं. ती विळा घेऊन घरी गेली.

आईचा हात सुजला. भाकरी थापता येईना, आत्या येऊन थापायची आणि चिनी लोकांचा उद्धार करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ड्यूटीवर निघाले तेव्हा आई डाव्या हातात कप घेऊन ओसरीत आली. पदर नुसता डोक्यावर होता, नाकापर्यंत नाही. शेळीने सवयीने मान वर केली. आईने तिच्याकडे बघितलंही नाही.

"जवाईबापू, साखर पाहा बरं, बराबर हाय का."

ह्यांनी उभं राहून चहा घेतला आणि अर्धा शर्टावर सांडला.

मी आत बाळाला घेऊन पडले होते. आई आल्यावर मी विचारलं, "माय, ते भिंतीतून काय म्हनत होते?"

"काही नाही."

"सांग नं. मलेच म्हनत होते नं ते?"

आई बाजेच्या कडेवर बसली. सुजलेला हात दुसऱ्या हाताने कुरवाळत राहिली. "तुलेच म्हनत होता," ती म्हणाली. "पर मी नाही सांगत."

मला राग आला. खरंच आला. शब्द मला दिला होता, घाबरले मी होते, आणि ऐन वेळी हे तिच्याजवळ होते. मी तसं म्हणूनही टाकलं.

आई बाजेवर माझ्याकडे सरकली. मग म्हणाली, "तू झाली तवा तुहा बाप वावरात होता. संध्याकाळी आला, बाहेरूनच इचारलं, पोरगा का पोरगी. तुह्या भावाच्या टाइमालेबी तसंच." तिने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "मले कोनी हात देला नाही कवा. तो तुहाच होता. पर तुले काम होतं तवरक मी वापरला."

मी तिचा सुजलेला हात ओढून माझ्या मांडीवर घेतला. दाबला नाही, नुसता धरला.

ओसरीतून बाबांचा आवाज आला, "जवाईबापू, गाडीले टाइम हाय न अजून? पाय धुऊन बसलो हाव."

आई तोंडाला पदर लावून हसली. हात तिने काढून घेतला नाही.